परसातला समुद्र

हवा पंचेचाळीस अंश. तरी हौदातलं पाणी काल दिवसभर अठ्ठावीस अंशांच्या वर सरकलं नव्हतं. आज दुपारी एक वाजताच ते तेहेतीस अंशांवर गेलं. ऊन तेच, हौद तोच, वर बांधलेली गोणपाटाची सावलीही तीच. मग जे पाणी काल तापलं नाही, ते आजच का तापलं?

निमिषा गावंडे हौदाच्या कठड्यावर बसून तापमापकाकडे बघत होती. ती सातवीत होती आणि विज्ञानाच्या पेपरात असा प्रश्न आला असता तर तिला मजा वाटली असती. आता मात्र ती दर मिनिटाला आकडा तपासत होती. हौदाच्या मधोमध डुबक्या बसला होता आणि त्याच्या डोक्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

डुबक्या म्हणजे समुद्राच्या तळाशी काम करणारा रोबो. अंगाने मोठ्या तांबड्या भोपळ्यासारखा, दोन्ही बाजूंना लांब हात आणि समोर एक गोल काच, तोच त्याचा डोळा. अरबी समुद्राच्या तळाशी माणसांनी एक संशोधन केंद्र उभारलं होतं आणि निमिषाची आई गेले चौदा महिने तिथेच राहत होती. इतक्या खोलातून आवाज वर येत नसे. आठवड्यातून एकदा चार ओळींचा मजकूर यायचा. ‘मी बरी आहे. बाबांना छळू नकोस. केस कापलेस का?’ निमिषा त्या ओळी आईच्या आवाजात वाचून बघायची. पण हल्ली तो आवाज तिला नीट आठवत नसे. आईचा चेहरा लगेच डोळ्यांसमोर यायचा, आवाज यायचा नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

डुबक्या मात्र ते सगळे महिने आईच्या शेजारी होता. आईचं बोलणं, रागावणं, हसणं, सगळं त्याच्या आत साठलेलं होतं.

त्याचा एक हात निकामी झाला म्हणून त्याला ट्रकमधून पूर्व किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत न्यायचं होतं. पण निमिषाच्या गावापाशी, अकोल्याजवळ, ट्रकचं थंडावा देणारं यंत्रच बंद पडलं. ट्रकवाले इंगळेदादा त्याचा सुटा भाग आणायला नागपूरला गेले आणि संशोधन केंद्राच्या किनाऱ्यावरच्या कचेरीतून बाबांना फोन आला, “दोन-तीन दिवस सांभाळाल का? फक्त त्याला चौतीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका.”

डुबक्याला पंखा नव्हता. समुद्रात त्याची गरजच काय? चहूबाजूंनी थंड पाणी असायचं. त्याची स्मृती जेलीसारख्या एका मऊ पदार्थात साठवलेली होती. चौतीस अंशांच्या पुढे ती जेली वितळू लागते. तिची प्रत काढायचं यंत्र फक्त त्या प्रयोगशाळेत होतं.

फ्रिजमध्ये डुबक्या मावला नाही. शिवाय त्या काळी उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच घरांची वीज बंद ठेवत. ती दवाखान्यांना जाई. म्हणून बाबांनी आणि निमिषाने परसात हौद रचला. शेजारच्या तायडेकाकूंच्या अर्धवट भिंतीच्या विटा आणल्या, एकावर एक ठेवून कठडा केला, आत जुनी ताडपत्री अंथरली. दोन खाटा शेजारी शेजारी मावतील एवढी जागा आणि गुडघाभर पाणी.

“काय वं निमू, बंगलेवाल्यांसारखा पोहायचा तलाव बांधून रायली का?” काकूंनी भिंतीवरून विचारलं होतं.

“काकू, समुद्र आहे हा.”

“मंग लाटा कुठी हायेत त्याच्या?”

पहिल्याच संध्याकाळी निमिषाने डुबक्याला हळूच विचारलं होतं, “आईच्या आवाजात बोलतोस का थोडं?”

“बोललो की मी तापतो,” डुबक्या म्हणाला होता. “तिचा आवाज काढायचा तर फारच तापतो. पाणी पंचविसाच्या खाली जाऊ दे. मग.”

म्हणून तिने घाई केली नाही. सकाळपर्यंत पाणी पंचविसाच्या खाली जाईल असं तिला वाटलं होतं. पण सकाळीही ते अठ्ठावीसच होतं आणि आता तेहेतीस.

“डुबक्या, हे असं का होतंय?”

पिवळा दिवा लुकलुकला. “झाकणाखाली... बघ,” एवढंच बोलून तो गप्प झाला. बोलणं त्याला परवडणारं नव्हतं.

झाकण! ते काल नव्हतं. गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा. ‘उघडं ठेवलं तर पाणी उडून जाईल,’ असं म्हणून काल संध्याकाळी बाबांनी हौदावर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता. डुबक्याचं डोकं आणि तापमापकाचं वरचं टोक तेवढं बाहेर. अकोल्यात त्यात कुणालाच काही चूक दिसली नसती. तिथे लोक पिंपावर झाकण ठेवायला विसरत नाहीत.

निमिषाने कागदाचा एक कोपरा उचलला. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दाटीवाटीने लटकत होते. कागद हलला तसे ते टपटप हौदात पडले.

“बाबा! इकडे या ना लवकर!”

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. बोटांना रंग लागलेला तसाच घेऊन ते बाहेर आले.

“हे थेंब कागदाला कसे लागले? पाणी तर खाली आहे.”

“वाफ झाली असेल. वर गेली, कागदाला अडकली, परत खाली पडली.”

“पण पाणी उकळलं कुठे?”

“वाफ व्हायला उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरचे कपडे उकळतात का? तरी वाळतात.”

त्याला बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळणं) म्हणतात, हे निमिषाला पाठ होतं. पाठ असणं वेगळं. तिने हात पाण्यात बुडवून वर काढला आणि त्यावर फुंकर घातली. गार लागलं. दुसऱ्या, कोरड्या हातावर फुंकर घातली. तो हात तसाच राहिला.

“ओला हातच गार का लागतो?” ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिला आपला वर्ग आठवला.

पाणी म्हणजे असंख्य रेणू (पदार्थाचे अगदी सूक्ष्म कण). ते सतत धावत असतात. काही हळू, काही जोरात. जेवढी त्यांची धावपळ जास्त, तेवढं पाणी गरम. आता पाण्यातून उडी मारून हवेत कोण जाऊ शकेल? जो सगळ्यांत जोरात धावतो तो.

“बाबा, आमच्या वर्गातली सगळ्यांत दंगेखोर पोरं बाईंनी बाहेर काढली की उरलेला वर्ग आपोआप शांत होतो. तसंच आहे हे! जोरात धावणारे रेणू निघून जातात, मागे सावकाश धावणारे राहतात. म्हणून पाणी गार होतं.”

“आणि आपण वर्गाचं दार लावून घेतलं,” बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. “दंगेखोर सगळे परत आत.”

“चौतीसला... थोडंच कमी,” डुबक्या म्हणाला. त्याचा दिवा आता नारिंगी झाला होता.

दोघांनी मिळून कागद ओढून काढला. कोरडा, भाजणारा वारा पाण्यावरून वाहू लागला. निमिषा तापमापकाजवळ वाकली. आकडा वर चढायचा थांबला, पण खाली येईना.

“हळूहळू उतरेल,” बाबा म्हणाले.

“हळूहळू नाही चालणार! डुबक्या स्वतः पण तापतोय ना.” आत, त्या भोपळ्याएवढ्या डब्यात आई बोलत होती, हसत होती, आणि चौतीसच्या पुढे त्यातलं काहीच उरणार नव्हतं. आई परत येईल तेव्हा येईल. पण हे चौदा महिने पुन्हा कुठून आणायचे?

रडायला वेळ नव्हता. तिने विचार केला. रेणू पाण्याच्या फक्त वरच्या थरातून उडी मारू शकतात. तळाशी असलेल्याला हवा दिसतच नाही. म्हणजे पाण्याला वरचा थर जास्त हवा. चहा लवकर निवायला आपण काय करतो? बशीत ओततो. कपातला चहा बशीत पसरतो, हवा लागायला त्याला जास्त जागा मिळते. हौदासाठी एवढी मोठी बशी कुठली? पण पाण्याचे थेंबच केले तर? प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा!

“झारी! बाबा, बागेची झारी!”

तिने झारी हौदात बुडवून भरली, कठड्यावर उभी राहिली आणि हात उंच करून पाणी परत हौदातच सोडलं. झारीच्या भोकांतून धारा पडल्या, वाऱ्याने त्या फुटल्या, थेंब थेंब होऊन खाली आले. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. बाबांनी स्वयंपाकघरातून पुरणाची चाळणी आणली आणि तिच्यावर बादलीने पाणी ओतू लागले.

तायडेकाकू आवाज ऐकून भिंतीपाशी आल्या. “बापलेकीले ऊन लागलं का काय? हौदातलं पाणी काढून हौदातच टाकून रायले!”

“काकू, थंड करतोय!” निमिषाने धापा टाकत थेंबांचं आणि वर्गाचं सगळं सांगितलं.

काकूंनी पदर खोचला. “म्हंजे कूलरच की हा! कूलरात वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी पडते, इथी चाळणीतून. थांब, आली मी.” त्या स्वतःचं घमेलं घेऊनच आल्या.

तिघं ओतत राहिली. निमिषाचे खांदे भरून आले. अंगावर उडणारे थेंब मात्र चक्क गार लागत होते, पंचेचाळीस अंशांच्या वाऱ्यात. कितीतरी वेळाने तिने धीर करून तापमापक पाहिला. बत्तीस. उन्हं कलली तोवर एकोणतीस. डुबक्याचा दिवा नारिंगीचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा झाला.

“काकू, पाणी मात्र कमी झालं,” बाबा हौदाच्या कडेवरची ओली खूण दाखवत म्हणाले. “गारवा फुकट नाही मिळत. जे रेणू गेले ते गेलेच.”

“मंग माझ्या कूलरातलं घ्या. दुपारी लाइट नाही तं त्या पाण्याची काय पूजा करू?”

“मुंबईच्या आत्यालाही असा हौद करायला सांगू या?” निमिषाने विचारलं.

आता डुबक्याला बोलता येत होतं. “तिकडे कमी उपयोग होईल. तिथे आर्द्रता (हवेतल्या वाफेचं प्रमाण) जास्त असते. हवा आधीच भरलेली असली की जितके रेणू बाहेर पडतात, जवळजवळ तितकेच परत येतात. तुमची हवा कोरडी आहे, तहानलेली आहे. तुमचा उन्हाळा कडक आहे, पण त्यावरचा उपायही त्याच हवेत आहे.”

त्या रात्री हौद उघडाच राहिला. पहाटे निमिषा अनवाणीच परसात गेली. वारा पडला होता आणि पाणी काळंभोर, स्थिर होतं. तापमापक चोवीस दाखवत होता.

ती कठड्यावर बसली, पाय पाण्यात सोडले. काही मागायचं तिच्या जिवावर आलं. मागितलं आणि आवाज ओळखूच आला नाही तर?

डुबक्यानेच सुरुवात केली. आधी थोडी खरखर झाली. मग कुणीतरी नाकातल्या नाकात बेसूर गुणगुणलं. मग आवाज आला, “अरे डुबक्या, तो पाना कुठे ठेवलास? शंभरदा सांगितलं, जागच्या जागी ठेव... अगं बाई, सात वाजले. निमू उठली असेल. नाही, ती कसली उठतेय! बाबा हाका मारून दमले असतील.” आणि मग हसणं. शेवटी थोडंसं चिरकणारं.

हो. असंच हसायची ती. शेवटी चिरकायची. निमिषाला ते इतकं लख्ख आठवलं की आपण हे विसरलो कसे, याचंच तिला नवल वाटलं. हे बोलणं तिच्यासाठी नव्हतंच. आई पाना शोधत होती. तरी त्यात ती होती.

“अजून?” डुबक्याने विचारलं.

तिने तापमापकाकडे पाहिलं. आकडा पाव अंशाने वर गेला होता. तिला अजून हवं होतं. दिवसभर, महिनाभर हवं होतं.

“नको,” ती म्हणाली. “तू गार राहा.”

दुपारच्या आत इंगळेदादांचा ट्रक दारात आला. यंत्र दुरुस्त झालं होतं. बाबांनी आणि त्यांनी मिळून डुबक्याला उचललं तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि निमिषा एका हाताने त्याचा निकामी हात धरून शेजारून चालत होती. मागे तायडेकाकूंची नातवंडं हौदात उतरलीसुद्धा होती. पलीकडच्या घरचे काका ताडपत्री केवढ्याची लागते ते काकूंना विचारत होते.

“हात बसला की मला परत खाली पाठवतील,” ट्रकमध्ये ठेवल्यावर डुबक्या म्हणाला. “तिच्याकडे. काही निरोप? तुझ्याच आवाजात नेतो.”

निमिषाला किती सांगायचं होतं! केस कापले नाहीत, मुद्दाम कापले नाहीत, तू आल्यावर तूच काप. बाबांच्या पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात. मला तुझा आवाज आठवत नव्हता. पण यातलं काहीच बाहेर येईना. इंगळेदादा दाराला हात लावून थांबले.

ती गोल काचेच्या अगदी जवळ गेली.

“आई,” ती म्हणाली, “इथे हवा पंचेचाळीस अंशांवर जाते आणि माझ्या हौदातलं पाणी चोवीसवर उतरलं. कसं केलं ते मला कळलंय. तुझ्या समुद्रात किती असतं? चार ओळींत लिहून पाठवू नकोस. वर येऊन सांग.”