गव्याच्या पाठीवरचे शंभर गोचीड

हे कुणालाच खरं वाटणार नाही. माझ्या ओटीवर बसून ऐकणाऱ्या शेजारच्या हैबतीलाही वाटलं नाही. तरी चहा संपेपर्यंत तो उठला नाही.

वरंधच्या वरच्या वाडीतली मैना महिनाभर तापाने पडून होती. डॉक्टरांना संशय रानातल्या गोचिडाचा. म्हणून मुंबईच्या प्रयोगशाळेतून तेजश्री आली. रानातले शंभर गोचीड धरायचे आणि त्यांतल्या कितींच्या पोटात तापाचे जंतू आहेत ते तपासायचं. बरेच निघाले, तर त्या तापाचं औषध दवाखान्यात कायम ठेवणार होते. वाट दाखवायला मी, श्रीपतआबा. दुसरा कोण?

निघताना दोघांच्या पायांना करंजेल चोपडलं. रानात जाताना आम्ही लावतोच, गोचीड अंगाला शिवत नाही. त्याच हातांनी तिच्या पांढऱ्या फडक्याची घडी घातली.

काम सोपं. फडकं गवतावरून ओढायचं, चिकटेल तो गोचीड चिमट्याने बाटलीत टाकायचा. पहिल्या दिवशी एकही नाही. दुसऱ्या दिवशी कारवीतून वाट काढत, करवंदीच्या जाळ्यांत हात ओरबाडून घेत आम्ही घाटाखालचा सगळा उतार पालथा घातला. एकही नाही! तेजश्री दर दहा पावलांनी फडकं उलटं करून बघे आणि दात-ओठ खाई. तिसऱ्या दिवशी तिने ते जमिनीवर आपटलं.

"आबा, इथली गुरं गोचिडांनी भरलीत. मग माझ्याच फडक्याला काय झालंय?"

मी म्हटलं, गोचिडांना परका माणूस कळतो.

चौथ्या दिवशी ती रिकामी बाटली पायरीवर ठेवून नुसती बसून राहिली. मला बघवेना. बाटली उचलली आणि एकटा निघालो.

कड्यावर गवा! ट्रकएवढा! फुरफुरला. धावला. मी शिंग धरलं, उडी मारली, थेट पाठीवर! तो रान तुडवत पोलादपूरकडे सुटला आणि मी एका हाताने शिंग धरून दुसऱ्याने गोचीड वेचत गेलो. कापडे गावच्या भातखाचरात उतरलो तेव्हा बाटलीत बरोबर शंभर!

हैबतीला मी इथवर सांगितलं, तोच शेणाने भरलेल्या हातांनी माझी बायको, ठकूबाई, दारात येऊन उभी राहिली.

"गवा नाय, आपली तांबू गाय. सकाळभर गोठ्यात बसून वेचलेत तुमी, मी बघितलंय. मुंबैच्या पोरीला सांगितलं तसं. गोठ्यातल्या गोचिडांवरून रानाचं कळत नाय म्हणाली, बाटली परत दिलीन. फडक्याला करंजेलाचा वास येत व्हता, ते मी दोनदा धुतलंय साबणानं. उद्या ती रानात चढणार हाय, माझ्यासंगं. तुमी फडक्याला हात लावू नका."