बॉनेटवरचे टोले

ही गोष्ट मी रचलेली नाही. मला रचता येत असती, तर याहून नीट रचली असती.

घडलं ते माझ्या मावसभावाच्या, मेदेरच्या अंगणात. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या पायथ्याशी त्यांची चार घरांची वस्ती आहे. रात्र नव्हती. भरदुपार होती आणि बर्फ पडायला नुकती सुरुवात झाली होती.

बरंचसं मेदेरनं मला सांगितलेलं. शेवटचं मात्र मी स्वतः ऐकलं आहे.

मेदेरचा थोरला भाऊ तुर्दाकुन आदल्या हिवाळ्यात गेला. त्याची एक जुनी रशियन पिकअप होती. ती अडली की दोघे भाऊ मिळून दुरुस्त करायचे. तुर्दाकुन इंजिनात वाकलेला, मेदेर स्टिअरिंगवर. वर केलेल्या बॉनेटमुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून त्यांची खूण ठरलेली.

बॉनेटवर दोन टोले... चालू कर.

एक टोला... थांब.

तुर्दाकुन गेला त्या दिवशीही मेदेर किल्लीवर हात ठेवून दोन टोल्यांची वाट पाहत होता.

टोले आलेच नाहीत.

"दादा, झोप लागली का?" म्हणत तो खाली उतरला. तुर्दाकुन इंजिनावर डोकं टेकून पडला होता.

आमच्याकडे माणूस गेला की वर्षभर त्याच्या घोड्यावर कोणी बसायचं नाही, अशी जुनी रीत आहे. घोडाही सुतकात असतो. त्याची शेपूट कापतात, खोगीर उलटं ठेवतात. वर्षाचं जेवण होईपर्यंत तो मेलेल्याचाच. तुर्दाकुनकडे घोडा नव्हता. मग त्याच्या बायकोनं, सायरानं, पिकअपच्या स्टिअरिंगला काळं फडकं बांधलं.

मेदेरला हसू आवरलं नाही. "वहिनी, हिची शेपूट कुठून कापू? सायलेन्सर चालेल का?"

"हसा, भावजी," ती म्हणाली. "वर्ष होईपर्यंत यांच्या गाडीला हात लावू नका, म्हणजे झालं."

वर्ष भरत आलं होतं. तेव्हाच मेदेरची मुलगी बुरुल पोट धरून आडवी झाली. ताप, उलट्या, पोटाची उजवी बाजू लाकडासारखी घट्ट. याच दुखण्यानं वस्तीतला एक धडधाकट माणूस गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. हॉस्पिटल खिंडीपलीकडे. फोन लागेना. शेजाऱ्यांच्या गाड्या मेंढ्या घेऊन बाजाराला गेलेल्या. आणि संध्याकाळी खिंड बंद होणार, हे आभाळाकडे बघूनच कळत होतं.

मेदेरनं काळं फडकं ओढून काढलं आणि बर्फात फेकलं.

चुलीमागे ठेवलेली बॅटरी आणून जोडली. किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, पण इंजिन पकडेना.

प्लग काढून लोखंडाला टेकवला आणि बायकोला किल्ली फिरवायला लावली. ठिणगी निळी, स्वच्छ. पेट्रोलची नळी सोडून पंपाची दांडी दाबली. पेट्रोल आलं. कार्बुरेटर उघडून पाहिला. त्यातही कचरा नव्हता.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे. इंजिनाला आणखी काय लागतं?

बायको बुरुलपाशी परत गेली. मेदेर आत बसला. बॉनेट वरच होतं. घरातून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिनानं उसळी घेतली, आता पकडणार तोच...

ठक.

बॉनेटवर. एकच टोला.

इंजिन गप्प.

तो उतरून पुढे गेला. कोणी नव्हतं. बर्फात त्याच्या आणि बायकोच्या बुटांचे ठसे, बस. थंडीनं पत्रा आकसला असेल, असं म्हणून त्यानं पुन्हा किल्ली फिरवली.

ठक.

मग त्यानं हँडल काढलं, पुढून घातलं आणि हातानं इंजिन फिरवायला लागला. अर्धा फेरा सहज आला. मग अडला. जाम झालेलं इंजिन कसं अडतं, ते त्याला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. जणू कोणीतरी दुसरं टोक धरलं होतं...

आणि हळूहळू उलटं फिरवत होतं.

त्यानं हँडल सोडून दिलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

घरातून कण्हणं ऐकू येत नव्हतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, ती आता रडतही नाही."

अंगणात सायरा होती. हातात बर्फातून उचललेलं फडकं. "यांना विचारलंत?"

"वहिनी, ही वेळ आहे का असलं बोलायची?"

"दुसऱ्याचा घोडा न विचारता सोडतात का? विचारा."

मेदेर उघड्या बॉनेटसमोर उभा राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"दादा, बुरुलला न्यायचंय रे. तुझ्याच खांद्यावर वाढली ती. आजच्या दिवस सोड. पुढे तू बोलावशील तेव्हा मी येईन... गाडी चालवायला मी येईन."

सायराचा चेहरा उतरला. "भावजी," ती हळूच म्हणाली, "परवानगी मागायची होती. शब्द नव्हता द्यायचा."

तो आत जाऊन बसला. बर्फ पडतानाही आवाज होतो, असं तो मला म्हणाला. तेवढाच आवाज होता.

मग...

ठक ठक.

किल्ली अर्धी फिरली तोच इंजिन सुरू झालं.

बुरुल वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती. आता ती शाळेत जाते, दंगा करते.

वर्षाचं जेवण झालं. सायरानं फडकं जाळलं. घोडा असता, तर त्या जेवणासाठीच कापला असता. गाडीचं काय करायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बॅटरी काढली, बॉनेट लावलं, गाडी अंगणात तशीच ठेवली.

तेव्हापासून बर्फ पडायला लागला की बॉनेटवर दोन टोले पडतात. घरातले सगळे ऐकतात. मेदेर जागचा हलत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. आमचा चहा चालला होता. बाहेर बर्फ भुरभुरू लागला आणि घरातली माणसं बोलता बोलता एकदम थांबली.

ठक ठक.

तो पत्र्याचा आवाज नव्हता. लाकडाचा होता. दाराचा.

मी उठून दार उघडलं. कोणी नव्हतं. ताज्या बर्फावर एक ठसा नाही. समोर पिकअप उभी होती...

बॉनेट वर केलेलं.

"कोणी नाही," म्हणत मी वळलो.

मेदेरनं एक बूट चढवला होता. बायकोनं त्याचा एक हात धरला होता, सायरानं दुसरा. छोटी बुरुल माझ्या बाजूनं पळत गेली आणि तिनं दाराला कडी घातली.

मेदेर झटापट करत नव्हता. अवघडल्यासारखं हसून एवढंच म्हणाला, "दादा खोळंबलाय."

त्या रात्री त्यानं मला सगळं सांगितलं.

आज सकाळपासून बर्फ पडतोय. मेदेरचा फोन लागत नाही. बर्फात तिकडे फोन लागतच नाही, हे मला माहीत आहे.

तरी लावून बघतो आहे.