गोदामाचं मागचं दार

पटणार नाही, पण हे घडलंय. ज्यांच्या बाबतीत घडलं ते आमचे काका धान्याच्या गोदामांत कीड मारायच्या गोळ्या ठेवत. उगाच तिखटमीठ लावून सांगणारा माणूस नव्हे.

उन्हाळ्यातली टळटळीत दुपार होती. रात्र नव्हती, हे आधीच सांगतो.

गावाबाहेर एक जुनं दगडी गोदाम. छतापर्यंत गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या. बाजारात गहू मिळत नव्हता आणि मालक भाव चढायची वाट बघत होता. तोवर कीड लागू नये म्हणून काकांना बोलावलेलं.

या कामाचा एक नियम असतो. गोळ्यांचा डबा उघडला की विषारी वायू सुटतो. म्हणून आधी आत कोणी राहिलंय का ते मोठ्यानं विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तरच पुढे जायचं.

मदतीला मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. कामात अंगचोर, झोपेत कुंभकर्ण. जेवण झाल्यापासून गायब.

"गेला असेल घरी," काका पुटपुटले. तरी त्यांनी हाक दिली.

"आत कोणी आहे का?"

त्यांनी डब्याच्या झाकणाला हात घातला.

मग मागच्या बंद दारापलीकडून आवाज आला. अगदी क्षीण.

"आत नाही... आम्ही बाहेर आहोत."

हा मेहुण्याचाच चावटपणा, असं काकांना वाटलं. "थांब, तुझी झोपच उतरवतो," म्हणत ते थप्प्यांमधून मागे गेले.

शेवटच्या थप्पीमागे पाय कशाला तरी अडला.

मेहुणा... पोत्यावर डोकं ठेवून घोरत होता.

काकांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. तो आवाज आला नसता तर त्यांनी डबा उघडला असता, दारं लावली असती. बायकोला काय तोंड दाखवलं असतं?

मग डोक्यात प्रकाश पडला. हा इथे आहे. मग बाहेर कोण?

ठक... ठक...

दारावर थाप पडली. खूप खालून. लहान मुलाचा हात पोचेल तिथून.

मेहुणा दचकून उठला. "भावोजी, कोण आहे?"

काकांनी अडसर काढून दार उघडलं.

बाहेर रखरखीत माळ. चिटपाखरू नाही. पण दाराच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, लाकूड नखांनी ओरबाडलेलं होतं.

दाराचा आवाज ऐकून म्हातारा राखणदार धावत आला.

"हे दार उघडत नाहीत," तो हळूच म्हणाला. "आजोबा सांगायचे. मोठ्या दुष्काळात गोदाम असंच भरलेलं होतं. पुढच्या दारानं गाड्या भरून धान्य जायचं, जिकडे भाव जास्त तिकडे. आणि या दाराशी माणसं बसलेली असायची. बसल्या जागीच गेली."

एक पोतं बाहेर ठेवावं, असं काकांच्या मनात आलं. पोतं हाताशीच होतं. पण धान्य मालकाचं. त्यांनी दार लावून घेतलं.

पलीकडून कोण बोललं, ते मला सांगता येत नाही. काका म्हणतात, शिव्याशाप ऐकू आले असते तरी परवडलं असतं. तसं काही झालं नाही. अडसर बसला, आणि दारामागे एक बाई कुणा लेकराला समजावू लागली.

"रडू नकोस. उद्या उघडतील हं."