थंड इंजिनावरचा हात

“मारा किक ताई, लोण्यासारखी सुरू होते!” विक्रेता म्हणाला, आणि तालाटोने किक मारली. खरंच की, पहिल्याच किकला लाल स्कूटर गुरगुरायला लागली! वागादुगू शहरात दापोया पेठेतल्या कडुलिंबांखाली जुन्या गाड्यांची रांग लागते, त्या अख्ख्या रांगेत तिला हीच आवडली होती. पोरगी हरखून गेली. पैसे काढायला तिने पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं.

“बाई, सुरू करायच्या आधी इंजिनाला हात लावलात का?”

उलट्या खोक्यावर बसून बाजरीचे वडे खाणारा एक उंच, किडकिडीत माणूस. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, डोळे मात्र नुसते हसणारे.

“कशाला लावायचा?”

“त्याने सकाळीच तापवून ठेवलीय. तापलेली गाडी कुणाच्याही लाथेने सुरू होते. थंड इंजिन खरं बोलतं. आता मागे जाऊन धूर बघा.”

धूर निळसर होता. “तेल पिते ही,” तो शांतपणे म्हणाला. “चार महिने काढले तरी खूप.” विक्रेत्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो वडा खात राहिला.

तालाटोने पर्स बंद केली. ती सुईण होती. तिचा दवाखाना शहराबाहेर अठरा किलोमीटरवर, लाल मातीच्या रस्त्याने. गेल्या महिन्यात उसनी आणलेली गाडी वाटेत बंद पडली आणि ती पोहोचेपर्यंत एक बाई एकटीच बाळंत झाली होती. आई आणि मूल वाचलं ते नशिबाने. तेव्हापासून तालाटोला धड झोप नव्हती.

“उपकार झाले तुमचे. मी तालाटो सावादोगो.”

“सावादोगो! म्हणजे मोस्सी? अरेरे, फुकट गेला माझा सल्ला! गुलाम गाडी ढकलत घरी गेली असती, मजा आली असती!”

“आणि आपण कोण?”

“मोदेस्त तोए.”

“सामो! तरीच म्हटलं, सकाळी सकाळी कुत्र्याच्या मुंडीचा वास कुठून येतोय!”

सगळी रांग खो खो हसली. मोस्सी आणि सामो या दोन जमातींची माणसं भेटली की असंच चालायचं. एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणायचं, दुसऱ्याने त्याचं कुत्र्याच्या मटणाचं जेवण काढायचं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. वाडवडिलांपासूनचा रिवाज आहे, आणि मोठा गोड रिवाज आहे. पण त्यात एक खोट आहे, ती या दोघांना फार उशिरा कळली.

पुढचे चार शनिवार मोदेस्त तिच्यासोबत गाड्या बघत हिंडला. पैसे घेईना. “गुलामाकडून काय घ्यायचं?” म्हणे. एक गाडी नव्या रंगाची होती, त्याने नखाने रंग खरवडून खालचं वेल्डिंग दाखवलं. दुसरीचा काटा नऊ हजार किलोमीटर दाखवत होता, पण पाय ठेवायचं रबर पार गुळगुळीत झालेलं. “आकडा फिरवता येतो. रबराला कोण शिकवणार खोटं बोलायला?”

चौथ्या शनिवारी हिरवी स्कूटर सापडली. दिसायला अगदीच गरीब. इंजिन गार, धूर नाही, चासीचा नंबर कागदाशी जुळणारा. मोदेस्तने तिला मागे बसवलं आणि खड्ड्याखड्ड्यांतून गाडी काढली. मग एकदम ब्रेक दाबला… तालाटो त्याच्या पाठीवर आदळली.

“हे काय?”

“ब्रेक बघायला नको?”

“एकदा बघितलेत ना! आता तिसऱ्यांदा?”

“सुईणबाईंची गाडी आहे — खात्री नको?”

त्याच्या खांद्यावर टेकलेला हात तिने काढला नाही. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमटन वाऱ्याची धूळ डोळ्यांत जात होती, तरी तो रस्ता संपू नये असं तिला वाटलं.

गाडी घेतली, पण शनिवार सुटले नाहीत. कधी प्लग साफ करायचा, कधी चेन ताणायची. गाडीला काही झालेलं नसायचं हो! मोदेस्तच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात बसून दोघं बिसापचं, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं गोड, आंबट सरबत प्यायचे आणि एकमेकांची सालटी काढायचे. “तालाटो, लग्न कर माझ्याशी. मला फुकटात गुलाम मिळेल,” तो दर वेळी म्हणायचा. “आधी दात घास, कुत्रेखाऊ!” ती दर वेळी म्हणायची. आणि घरी जाताना दर वेळी वाटायचं, याने एकदा तरी न हसता विचारावं.

एकदा त्याने विचारलंही. दुकानात कुणी नव्हतं. प्लग पुसता पुसता, वर न बघता तो म्हणाला, “तालाटो… मला तू… म्हणजे, मी खरंच…”

तालाटो घाबरली. आणि त्या घाबरलेल्या तोंडातून सवयीने तेच बाहेर पडलं — “देज म्हणून कुत्र्याच्या किती मुंड्या देणार?”

तो हसला. हसावंच लागतं, रिवाज आहे. प्लग मात्र तो पुसत राहिला, आधीच स्वच्छ असलेला. तालाटोला त्याच क्षणी जीभ चावावीशी वाटली. ‘नाही रे, बोल ना पुढे’ एवढं म्हणायचं होतं. ते तोंडातच राहिलं.

त्यानंतर तो लग्नाची थट्टाही करेनासा झाला.

मार्चमध्ये प्रॉस्पेर नावाच्या मास्तरांचे काका रिवाजाप्रमाणे कोलाची फळं घेऊन तिच्या घरी मागणी घालायला आले. मास्तर माणूस भला होता, सरळ बोलणारा. वडिलांनी आठ दिवसांत उत्तर मागितलं. तालाटो थेट दुकानात गेली.

“मला मागणी आलीय, मोदेस्त.”

त्याच्या हातातला पाना थांबला. “अस्सं? गुलामाचा भाव वधारला म्हणायचा!”

ती थांबली. पुढच्या वाक्याची वाट बघत किती वेळ थांबली! तो पान्याकडे बघत होता. तिनेही काही विचारलं नाही. आठव्या दिवशी तिने घरी होकार दिला.

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी नगरपालिकेत सह्या झाल्या. नवराबायको बाहेर आले तर गाडीपुढे मातीत हा पठ्ठ्या आडवा पडलेला!

“ही माझी गुलाम आहे! मोल द्या, नाहीतर गाडी माझ्या अंगावरून न्या!”

लग्नात सामोने मोस्सीची वाट अडवायचीच असते. वऱ्हाड हसून लोटपोट झालं. प्रॉस्पेरनेही हसत एक नाणं तालाटोच्या हातात दिलं, “दे बाई त्याला, सोडव स्वतःला.”

ती वाकली. नाणं त्याच्या तळहातावर ठेवताना तिची बोटं त्याच्या हाताला लागली. डोक्यावर ऊन आग ओकत होतं, आणि तो हात बर्फासारखा गार होता.

“मोदेस्त,” ती कुजबुजली, “ही थट्टाच ना?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ते डोळे हसत नव्हते.

“मोस्सीशी दुसरं काही बोलायला तुम्ही आम्हाला शिकवलंयत कुठे?”

मग तो उठला, कपडे झटकले, नाणं उंच धरून सगळ्यांना दाखवलं आणि बाजूला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तालाटोचे डोळे भरून आले, बायका म्हणाल्या, नवरीचं असंच असतं.

सहा वर्षं झाली. प्रॉस्पेर तिला जपतो, तिची काही तक्रार नाही. दापोयाच्या रस्त्याने ती जात नाही. मोदेस्त दुकान उचलून तोमाला, आपल्या गावी गेला, असं कुणीतरी सांगितलं. हिरवी स्कूटर मात्र अजून एकदाही वाटेत बंद पडलेली नाही. त्या रस्त्यावरची एकही बाळंतीण एकटी राहिलेली नाही.

सकाळी किक मारण्याआधी ती खाली वाकते आणि इंजिनावर तळहात ठेवते. गार असतं. ती जरा वेळ तशीच राहते.

“अगं, तुझीच तर गाडी,” प्रॉस्पेर दारातून हसतो. “तुला कोण फसवणार आहे?”

“कुणी नाही,” ती म्हणते. “सवय आहे.”