एकोणीस नंबरची पिशवी

"अहो, तुमच्या गालावर साडेतीन मार्क उमटलेत."

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर गाल टेकून झोपलेला तो माणूस दचकून उठला. लाल शाई उलटी उमटली होती.

"दहापैकी?" त्याने गाल चोळत विचारलं.

"शंभरपैकी. अवतार बघता जास्तच दिलेत."

ती हसली... आणि आपल्याला अजून हसता येतं, याचं तिलाच नवल वाटलं. औषधं भरून भरून हात भरून आले होते, टोपीच्या रबराचा वळ कपाळावरून हलत नव्हता.

तो भूगोलाचा मास्तर. थोरल्या बहिणीला कॅन्सर. दर तिसऱ्या सोमवारी तिला घेऊन यायचा. ही इथली फार्मसिस्ट. पुढच्या दोन फेऱ्यांना दोघांचा चहा एकाच टेबलावर झाला.

त्यानंतरच्या फेरीला मास्तर खुशीत होता. "ताईला आजपासून नव्या औषधाच्या चाचणीत घेतलंय. शरीरातल्या शिपायांना गाठ म्हणे 'थांबा' असा निरोप धाडते, आणि ते बापडे हातावर हात ठेवून बसतात. हे औषध तो निरोपच अडवतं. फक्त... अर्ध्या लोकांना जुन्या औषधासोबत नुसतं मिठाचं पाणी देतात. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ताई एकोणीस नंबर!"

तिचा कप ओठांपाशीच थांबला. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, पण तिला होतं. शिरेतून द्यायच्या औषधाच्या पिशव्या तीच भरायची. एकोणीस नंबरची सकाळीच भरली होती — मिठाचं पाणी.

तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई नेहमी म्हणायची. म्हणून तिने कॅन्टीनच सोडलं. चहा कोठीत, खोक्यांच्या आडोशाला, उभ्यानेच.

एकदा त्याने तिला जिन्यात गाठलं. "चहाला वेळ नाही, की माझ्यासोबत चहाला?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि मान खाली घालून निघून गेली.

ताई वाळत चालली. आधी चालत यायची, मग भावाच्या हाताला धरून, मग चाकाच्या खुर्चीतून.

सहाव्या महिन्यात निकाल आला. औषध इतकं गुणकारी ठरलं होतं, की कुणाला काय ते उघड करून उरलेल्यांनाही तेच द्यायचं ठरलं. त्या सकाळी तिने एकोणीस नंबरच्या पिशवीत खरं औषध भरलं. औषधाला फेस येऊ नये म्हणून ती पिशवी हलकेच, अगदी हलकेच कलती करत राहिली.

पिशवी ताईला लागल्यावर ती दाराबाहेरच्या बाकापाशी आली. मास्तर बसला होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं, तर सगळ्यांचीच चाचणी बुडाली असती. आता... रागवा."

त्याने ताईच्या दाराकडे पाहिलं. "उशीर झालाय का?"

"ते मात्र खरंच माहीत नाही."

त्याने गठ्ठा उचलून बाकावर जागा केली. "सहा महिने एकटीच वाहत होतीस हे?" पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला. "मला वाटलं, मी तुला आवडत नाही."

"आवडता, म्हणून तर कॅन्टीन सोडलं. समोर बसले असते, तर तोंडून निघालं असतं." ती त्याच्या शेजारी बसली.

अर्ध्या उघड्या दारातून ताईचा थकलेला आवाज आला, "अरे मास्तर, माझं व्हायचं ते होईल. तू आधी तिचा हात धर बघू!"

त्याने धरला.