शून्यावरचा लोडर

सकाळी सहाला टोमो राडिचचं प्रेत वर आलं. सातला खाणीच्या धावपट्टीवर विमान उतरलं, तेव्हा रुग्णवाहिका अजून तिथंच उभी होती.

विमानातून दोघी उतरल्या. पहिली ग्वेंडा पॅस्को, सरकारी खाण-निरीक्षक. दुसरी रुविनी जयसेकरा, जिच्या यंत्रानं टोमोला मारलं असं सगळी खाण म्हणत होती. दुपारी तिला न्यायला पोलीस येणार होते.

सोन्याच्या खाणींत चोवीस वर्षं घालवून ग्वेंडाला एक कळलं होतं: माणूस मेला की दोष आधी मेलेल्यावर जातो, मग यंत्रावर. दोघंही उलट बोलत नाहीत.

"काय झालं ते सरळ सांग," तिनं पाळीप्रमुखाला म्हटलं.

मर्व्ह हॅनिगनचे डोळे लाल होते. टोमो त्याच्याबरोबर अकरा वर्षं जेवायला बसत होता.

"काल संध्याकाळी पाच पंचावन्नला सुरुंग उडवला. त्याआधी पडदा बघितला. टोमो खालच्या जेवणघरात, बोगद्यातल्या खोक्यापासून चाळीस मीटरवर. धोक्याच्या बाहेर. म्हणून बटण दाबलं."

"आणि खरा कुठं होता?"

"एकशे नव्वदवर, आत सुरुंगाजवळ. पंप आणायला परत गेला असणार, गाढव कुठला." त्यानं दाराकडे, रुविनीकडे बोट दाखवलं. "या पोरीनं दीड महिन्यापूर्वी नवं मोजमाप बसवलं. खडकावर हाका आपटतात, पडद्यावर भुतं नाचतात. आतला बाहेर दिसला."

"बोगद्याच्या तोंडाशी फळ्यावरचा त्याचा बिल्ला बघितला होतास?"

"पितळेचे तुकडे आता कोण बघतंय, बाई? पडदा आहे ना."

रुविनी दारात उभी होती. मॅनेजरनं तिचं ओळखपत्र आधीच काढून घेतलं होतं. ग्वेंडा तिला घेऊन बाहेर आली.

"तुझं यंत्र मला आजीबाईला समजेल असं सांग."

"बोगद्यात भिंतीवर खोका आहे. तो हाक मारतो, टोपीतली चिप ओ देते. ओ यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर."

"आणि भुतं?"

"सरळ ओ अडली तर खडकावर आपटून, वळसा घेऊन येते. जुनं मोजमाप तीच धरायचं. जवळचा माणूस लांब दिसायचा, आत असल्यासारखा. सुरुंग खोळंबायचे. नवं मोजमाप अगदी पहिली, बारीकशी ओसुद्धा पकडतं."

"लांबचा माणूस जवळ दिसेल?"

"ओ उशिरा येऊ शकते, ग्वेंडा. निघायच्या आधी कशी येईल?"

"मोजलेल्या वेळेतून काही वजा करतेस?"

"खोका आणि चिप स्वतःच घेतात तो वेळ. ठरलेला आकडा आहे."

"तो कोण बदलू शकतं?"

रुविनी खाली बघू लागली. "मी. आणि मर्व्ह. मी घरी गेले की फोन करकरून जीव खायचा, म्हणून परवलीचा शब्द दिला. बदलल्याची नोंद राहत नाही."

"काल पाच पंचावन्नला तू कुठं होतीस?"

"विमानात. पाच चाळीसला उडालं. फोन बंद."

ग्वेंडानं कालच्या नोंदी मागवल्या. टोमोच्या ओळीवर बोट ठेवलं, मग सगळ्या ओळी वाचत गेली. एका ओळीवर थांबली.

"हा सतरा नंबर कोण?"

"बिघडलेला लोडर, खडक भरायची गाडी. चाकं काढलीत, पण त्याचीही चिप चालू आहे. तीन आठवडे जेवणघराशेजारी पडून आहे. चाळीस मीटर."

"मग पाच एक्कावन्नला हा शून्यावर कसा आला?"

रुविनीनं कागद ओढून घेतला.

दहाला ग्वेंडानं नियंत्रणकक्षात सगळ्यांना उभं केलं.

"पाच एक्कावन्नपर्यंत टोमो एकशे नव्वदवर आहे," ती म्हणाली. "एका मिनिटात चाळीसवर. दीडशे मीटर, अंधारात, चढावर. त्याच मिनिटाला चाकं नसलेला लोडर चाळीसवरून शून्यावर. पाच अठ्ठावन्नला लोडर परत आपल्या जागी."

"प्रतिध्वनी," मर्व्ह म्हणाला.

"प्रतिध्वनीनं अंतर वाढतं, मर्व्ह. कमी होत नाही. कमी करायला वजाबाकीचा आकडा वाढवावा लागतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग वाढवला की सगळ्यांचे दीडशे मीटर गायब. लोडरकडे दीडशे नव्हतेच. पडदा शून्याखाली दाखवत नाही, म्हणून तो शून्यावर अडकला."

"तो आकडा हिचा आहे!"

"ही आकाशात होती. तू या खुर्चीत. आणि काल पहिल्यांदाच नाही. तीन आठवड्यांत लोडर दहा वेळा शून्यावर गेलाय. दर वेळी सुरुंगाच्या आधी, तुझ्याच पाळीत."

मर्व्ह खुर्चीत बसला.

"भुतं होती ती," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं होती. माणूस जेवणघरात चहा पितोय आणि पडदा म्हणतो आत आहे. किती वेळ थांबायचं? थोडं ओढून घ्यायचो बाहेर, झालं की पूर्ववत करायचो. कुणाला कधी खरचटलं नव्हतं."

"जुन्या मोजमापात ती भुतं होती. हिनं ती घालवली. दीड महिना पडदा खरं सांगत होता आणि तू तो खोटा करत होतास. नऊ वेळा माणसं वेळेत बाहेर आली."

रुविनी रडत होती. सुटल्याचं रडणं नव्हतं ते. परवलीचा शब्द तिनंच दिला होता.

बाहेर बोगद्याच्या तोंडाशी बिल्ल्यांचा फळा होता. खाली जाताना ज्यानं त्यानं आपला बिल्ला डावीकडे टांगायचा, वर आल्यावर स्वतःच उजवीकडे न्यायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नाही. डावीकडे एकच उरला होता. राडिच, २१४.

पोलिसांची गाडी लागली, तेव्हा मर्व्ह त्या फळ्यासमोर उभा होता.

"खोटं बोललो मी, बाई. काल फळा बघितला होता. हा इथंच होता. मला वाटलं, वर येऊन उजवीकडे न्यायचा विसरला असेल."

त्यानं बिल्ल्याकडे हात नेला.

"नको," ग्वेंडा म्हणाली. "तो टोमोचा आहे."

मर्व्हनं हात मागे घेतला आणि तो गाडीकडे चालू लागला.