रांगण्याची चाचणी

जंगलाचा तुकडा एक. कॅमेरे बारा. त्यांतले अकरा चालू, एकात मुंग्यांनी घर केलेलं. माणसं दोन, माझी ताई आणि भावजी.

यातलं काहीही रचलेलं नाही. फोटो मी स्वतः पाहिलेत. पाहिले नसते तर बरं झालं असतं.

चहूबाजूंनी रबराचे मळे आणि मधे हे उरलंसुरलं रान. कुठेही उभं राहा, रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. हरवायचं म्हटलं तरी तिथे हरवता येत नाही.

ताई तिथल्या प्राण्यांची पाहणी करत होती. झाडाला कॅमेरा बांधायचा. समोरून काही उबदार हललं की तो आपोआप फोटो काढतो.

बांधून झाला की चाचणी. एकाने प्राण्यासारखं हातापायांवर रांगत समोरून जायचं. दुसरा "झालं" म्हणेपर्यंत उठायचं नाही. मधेच उठलं की चाचणी वाया.

भावजी सुट्टी काढून मदतीला आले होते. सकाळपासून रांगून त्यांचे गुडघे सोलले होते.

"लग्नाआधी सांगितलं असतंस, तर तेव्हाच पळालो असतो."

"तोंड बंद. रानडुक्कर बोलत नाही."

"घरी तरी कुठे बोलू देतेस?"

शेवटचा कॅमेरा. भावजी रांगत गेले. दिवा लुकलुकला. फोटो आला.

ताई "झालं" म्हणाली नाही.

गंमत म्हणून. रांगू दे जरा.

भावजी झुडपाआड गेले. पाचोळा वाजत राहिला... मग लांबून... मग नाहीच.

"अरे, पुरे आता. झालं."

ट्रकचा हॉर्न. बाकी काही नाही.

पोलीस आले, मळ्यातले मजूर आले, कुत्री आली. कुत्री त्या झुडपापर्यंत गेली आणि शेपट्या पायांत घालून बसली. बूट नाही, चिंधी नाही.

महिन्याभराने ताईने कॅमेऱ्यांतली कार्डं काढली.

चाचणीनंतरच्या फोटोंतही, अकराही कार्डांत भावजी होते.

रांगत. भर उन्हात. आधी अंगावर शर्ट होता. नंतर नव्हता. एका फोटोत अगदी जवळ येऊन मान वर केलेली... नजर कॅमेऱ्याच्या मागे. चाचणीच्या वेळी ताई उभी होती तिथे.

ताईच्या सासूबाईंनी फोटो पाहिले.

"हा लहानपणी कधी रांगलाच नाही. एकदम उभाच राहिला."

ताई रडायला लागली.

"रडू नकोस. जिवंत आहे ना? तूच खाली बसवलंस, तूच उठव."

ताई रोज त्या झाडापाशी जायची. घसा बसेपर्यंत ओरडायची. "झालं... झालं रे." पाचोळा वाजायचा. जवळ यायचा. थांबायचा.

एका दुपारी मीही सोबत होतो. तिने हाक मारली आणि झुडपातून उत्तर आलं.

आवाज भावजींचा नव्हता.

हुबेहूब ताईचा होता...

"अजून नाही."

आणि पाचोळा मागे सरकला. मुकाट्याने. सांगितलेलं ऐकल्यासारखा.

पुढच्या वर्षी पाहणी संपली. कॅमेरे परत द्यायचे होते. या वेळी सगळ्या कार्डांत मिळून भावजींचा एकच फोटो निघाला. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर खुणांची काठी रोवलेली असते, तिच्यावरून प्राण्यांची उंची काढतात. ताईने याही फोटोत काढली. ती आकडे सांगत गेली, लिहून मी घेतलं.

भावजी, खांद्यापाशी: बावन्न सेंटीमीटर.

मागून रांगणारं पिल्लू: एकोणीस.